आवाज आधी वेगळा काढा, पाना नंतर उचला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकच्या पोटातून घरघर, खटखट किंवा चिरचिर सुरू झाली की निकाल फार घाईने लागतो. 'गिअरबॉक्स गेला', नाहीतर 'क्राउन-पिनियन गेले', म्हणजे एक्सलमधली, चाकांना फिरवणारी दातेरी जोडी गेली. पेटी (गिअरबॉक्स) उतरते, हाउसिंग (एक्सलचे कवच) उघडते, चांगले भाग बदलले जातात आणि गाडी रस्त्यावर आली की तोच आवाज पुन्हा सुरू होतो. हा खर्च आणि मनस्ताप बहुतेक वेळा टाळता येतो. आवाज शोधण्याची पद्धत साधी आहे, पण ती क्रमाने करावी लागते. वाचकांना आणि मेकॅनिक मंडळींना उपयोग व्हावा म्हणून ती इथे मांडतो.

फोर-व्हील ड्राइव्हमध्ये भाग जास्त, म्हणून दोष शोधणे जास्त अवघड, असे मानले जाते. मला हे पटत नाही. साध्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पेटीपासून एक्सलपर्यंत सगळे एकदमच फिरते, त्यातले काहीच चालू गाडीत बाजूला काढता येत नाही. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या लावायच्या, फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केसची (जोर पुढच्या-मागच्या एक्सलकडे वाटणाऱ्या पेटीची) दांडी आणि पुढच्या चाकांचे लॉकिंग हब (चाक एक्सल शाफ्टला जोडणारे-सोडणारे) चालकाच्या हातात असतात. त्यांच्या मदतीने अर्धी गाडी फिरवता येते आणि अर्धी थांबवता येते. एकही बोल्ट न काढता निम्मे संशयित बाद होतात. ही सोय असताना ती न वापरता पेटी उतरवणे चूकच.

रस्त्यावर जाण्याआधी अर्धा तास गाडीखाली घालवावा. गाडी सपाट जागी, थंड असताना गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही हाउसिंगचे ऑइल पाहावे. नेहमी आधी भरण्याचा प्लग उघडावा, मग सांडण्याचा. भरण्याचा प्लग गंजून अडकलेला असेल आणि ऑइल आधीच सांडून टाकले असेल तर गाडी जागेवरच अडकते. पातळी भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी, म्हणजे बोट आत वाकवले की लगेच ऑइल लागले पाहिजे. चुंबकाच्या प्लगवर करड्या रंगाचा मऊ लेप दिसणे ही नेहमीची झीज. पापुद्रे, सुईसारखे तुकडे किंवा दाताचा कोपरा मिळाला तर शोध तिथेच थांबवून ती पेटी उघडावी. गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर पितळेच्या सिंक्रो रिंग (गिअर बदलताना फेरे जुळवणाऱ्या) किंवा वॉशर झिजत आहेत. ऑइलचा थेंब पांढऱ्या कपड्यावर घेऊन उन्हात पाहिला की हे लगेच कळते.

ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. त्याचे कारण बहुतेक वेळा ब्रीदर, म्हणजे हाउसिंगमधली हवा आत-बाहेर करायची वाट, असतो. गरम हाउसिंग नदी-ओढ्याच्या थंड पाण्यात उतरले की आतली हवा आकसते, ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर हवा आत यायला वाट राहत नाही आणि सीलच्या कडेने पाणी ओढले जाते. कोरड्या रस्त्यावर हाच बुजलेला ब्रीदर उलटे काम करतो: दाब वाढतो, सीलमधून ऑइल बाहेर येते, पातळी घटते आणि बेअरिंग कोरडे पडून गुणगुणू लागते. सील पुन्हा पुन्हा बदलूनही गळती थांबत नसेल तर आधी ब्रीदर साफ करावा.

कोणते ऑइल कुठे, याचा गोंधळही आवाजाला कारण होतो. डिफरन्शियल म्हणजे एक्सलमधली, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी. हायपॉइड प्रकारात दात एकमेकांवर घसरतात, तिथे जीएल-५ दर्जाचे, सहसा ८० डब्ल्यू ९० किंवा त्याहून जाड ऑइल लागते. पितळी सिंक्रो असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला बहुधा जीएल-४ सांगितलेले असते. साखळीवर चालणाऱ्या कित्येक ट्रान्सफर केसना ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे पातळ ऑइल लागते. 'सगळीकडे एकच' ही सवय सोडावी आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिले आहे तेच घालावे.

आता टायर. जाड नक्षीच्या टायरची घरघर डिफरन्शियलच्या घरघरीसारखीच ऐकू येते, आणि यावरून कितीतरी हाउसिंग विनाकारण उघडली गेली आहेत. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर गेल्यावर आवाजाची जात बदलली तर तो टायरचा. टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत राहून हवा थोडी वाढवली आणि आवाज बदलला, तरीही टायरचाच. डिफरन्शियलला रस्ता कसला आहे याच्याशी देणेघेणे नसते. टायरवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला तर उत्तर तिथेच मिळाले.

यानंतरची चाचणी रिकाम्या, सरळ रस्त्यावर. सोबत एक माणूस हवा, म्हणजे चालकाला लिहावे लागणार नाही. तीन अवस्थांत ऐकायचे: अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढत असताना, वेग कायम राखण्यापुरताच पाय ठेवून, आणि पाय पूर्ण काढून गाडी इंजिनला ढकलत असताना. चौथी नोंद न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवून. इंजिन बंद करून गाडी कधीही घरंगळू देऊ नये, ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते. प्रत्येक अवस्था २०, ४०, ६० आणि जमत असेल तर ८० किलोमीटरच्या वेगाला ऐकावी आणि आवाज कधी येतो, कधी जातो, जाड आहे की बारीक, हे तिथल्या तिथे लिहावे. घरी येऊन आठवणीतून लिहिलेले उपयोगाचे नसते.

पेटी की पेटीच्या मागे, हा पहिला प्रश्न एका चाचणीत सुटतो. ५० च्या वेगाने तिसऱ्या गिअरमध्ये ऐकावे, मग त्याच वेगाने चौथ्यात. वेग तोच, इंजिनचे फेरे बदलले. आवाजाची पट्टी गिअरबरोबर बदलली तर दोष इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्समध्ये आहे. पट्टी तशीच राहिली तर तो गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टपासून पुढे, ट्रान्सफर केससह चाकांपर्यंत कुठेतरी आहे. गाडी उभी ठेवून तेवढ्याच फेऱ्यांवर इंजिन चालवले आणि आवाज आला, तर चाकांकडे जाण्याची गरजच उरत नाही.

त्यानंतर ठोके मोजावेत. मेकॅनिक मंडळी हे क्वचितच करतात, पण यातून मिळते तेवढी माहिती दुसरीकडून मिळत नाही. २३५/७५ आर १५ मापाच्या टायरचा घेर सुमारे २.३ मीटर असतो. ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण १.२ फेरे घेते. क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ४.१ असेल तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून एक्सलपर्यंतचा लांब शाफ्ट) सेकंदाला पाच फेरे घेतो. तेव्हा हळू चालत्या गाडीत 'टक्... टक्... टक्' असा सेकंदाला एखादा ठोका असेल तर तो चाक, ब्रेक ड्रम, एक्सल शाफ्ट, हब बेअरिंग किंवा क्राउनचा तुटलेला दात, म्हणजे चाकाच्या वेगाने फिरणारी वस्तू. सेकंदाला पाच असतील तर शाफ्ट, त्याचे क्रॉस (शाफ्टच्या वाकत्या जोडांतले), पिनियन किंवा ट्रान्सफर केसचा बाहेरचा भाग. ६० च्या वेगाला शाफ्ट सेकंदाला सुमारे ३० फेरे घेतो, त्याचा असमतोल गाडीच्या तळात थरथर म्हणून जाणवतो. जोडाच्या कोनामुळे येणारी थरथर मात्र शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोनदा येते, म्हणून ती त्याच वेगाला अधिक बारीक, गुंजल्यासारखी लागते. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून तो हळू चालवला तरी ठोके मोजता येतात.

आता हबची चाचणी. गाडी टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांवर), हब मोकळे: पुढची चाके सोडून पुढचे काहीच फिरत नाही. याच रस्त्यावर, याच वेगाला हब लॉक करून पुन्हा टू-एचमध्येच चालवावे. आता पुढचे एक्सल शाफ्ट, पुढचे डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट चाकांकडून उलटे फिरवले जातात, पण त्यांच्यावर भार नसतो. ट्रान्सफर केसने पुढचे-मागचे जोडलेले नसल्याने कोरड्या रस्त्यावरही यात धोका नाही. हब लॉक केल्यावर नवा आवाज आला तर दोष पुढच्या भागात. काहीही फरक पडला नाही तर पुढची चाके आणि त्यांची बेअरिंग सोडून पुढचे सगळे तूर्त निर्दोष. मग मातीच्या किंवा वाळूच्या रस्त्यावर फोर-एच (चारही चाकांवर) लावून भार द्यावा. भार आल्यावरच आवाज आला तर पुढचे क्राउन-पिनियन, पुढच्या शाफ्टचे जोड किंवा ट्रान्सफर केसची साखळी.

काही गाड्यांत बाहेरचे हब नसतात, पुढच्या एका बाजूचा एक्सल शाफ्ट व्हॅक्यूमने जोडला-सोडला जातो. त्यांत टू-एचमध्येही पुढच्या डिफरन्शियलचे स्टार गिअर (आतले छोटे दातेरी गिअर) फिरत राहतात, तेव्हा 'पुढचे बंद आहे' असे गृहीत धरू नये. व्हॅक्यूमने चालणारे हब अर्धवट गुंतले तर चाकापाशी कर्कश करकर येते. ती ऐकली की गाडी लगेच थांबवून व्हॅक्यूमच्या नळ्या चिरल्या आहेत का, ते पाहावे. दात खाल्ले गेल्यावर हब बदलण्याशिवाय उपाय नाही.

इथपर्यंत उत्तर मिळाले नाही तर शाफ्ट काढून चालवण्याची चाचणी करावी. मागचा शाफ्ट काढला आणि फोर-एचमध्ये फक्त पुढच्या चाकांवर हळू चालवले की मागचे डिफरन्शियल भाराविना फिरते. भाराखालचा आवाज गेला तर मागचे क्राउन-पिनियन किंवा मागच्या शाफ्टचे जोड. तीन सावधगिऱ्या मात्र पाळायलाच हव्यात. काढण्याआधी शाफ्ट आणि फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टने जोडतात ती तबकडी) दोन्हींवर रंगाची खूण करावी, नाहीतर समतोल बिघडेल आणि नवीन थरथर मागे लागेल. ज्या ट्रान्सफर केसमध्ये मागचा शाफ्ट सरकत्या योकने (शाफ्टच्या टोकाच्या दुबेळक्याने) थेट आत शिरतो, तिथे तो काढताच ऑइल बाहेर येते, त्या तोंडाला बूच लागते. आणि काही जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरच असतो. अशा गाडीचा मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक संपला. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवून उपयोग नाही, ती मोकळीच असते.

फुल-टाइम, म्हणजे कायम चारही चाकांवर चालणाऱ्या, फोर-व्हील ड्राइव्हला ही चाचणी करायची तर मधले डिफरन्शियल लॉक करावे लागते, नाहीतर सगळी ताकद काढलेल्या शाफ्टच्या बाजूने निघून जाते आणि गाडी जागची हलत नाही. मध्ये व्हिस्कस कपलिंग (घट्ट द्रवाने जोर पोचवणारी जोडणी) असेल तर ही चाचणी करूच नये.

शाफ्टबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या ट्रकमधले सर्वाधिक आवाज इथूनच निघतात आणि दुरुस्तीही इथलीच सर्वांत सोपी. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वेगाबरोबर वाढणारी 'चिर्र-चिर्र' म्हणजे क्रॉसच्या सुईबेअरिंगमधले ग्रीस संपले आहे. टोपीच्या सीलभोवती गंजाच्या रंगाची बारीक भुकटी दिसली की तो क्रॉस गेलाच, ग्रीस भरून वाचणार नाही. तपासताना गाडी सपाट जागी, ठोकळे लावलेली, न्यूट्रलमध्ये असावी. एक हात जोडाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे धरून उलटसुलट पिळावे, मग पहार घालून वर-खाली उचलून पाहावे. क्रॉसमध्ये प्ले (ढिलेपणा) अजिबात चालत नाही, थोडासुद्धा. शाफ्ट उतरवल्यावर जोड दोन्ही दिशांना हळू वाकवावा. मधोमध अडकल्यासारखा खाचेत बसत असेल तर सुयांनी क्रॉसवर घर केले आहे. हाताला प्ले लागत नाही म्हणून असा जोड परत बसवू नये, तोच थरथर देतो.

ग्रीस भरताना चारही टोप्यांच्या सीलमधून ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप करावा. तीन बाजूंनी आले आणि चौथीतून आले नाही तर ती टोपी कोरडीच आहे. जोड थोडा हलवून, शाफ्ट फिरवून पुन्हा पंप करावा. सरकत्या स्लिप जॉइंटला मात्र हात राखून द्यावे. तो ठासून भरला तर आतले ग्रीस दबत नाही, शाफ्टला आखूड व्हायला जागा राहत नाही आणि स्प्रिंगचे पाटे दबले की तो जोर ट्रान्सफर केस व पिनियनच्या बेअरिंगवर जातो. उलट स्लिप जॉइंट कोरडा राहिला तर गाडी थांबताना किंवा उभ्या स्थितीतून निघताना एकदाच 'खट्' होते: थांबताना पाटे वळतात, दात अडकून बसतात आणि निघताना एकदम सुटतात. याला डिफरन्शियलचा दोष समजणे ही सर्रास होणारी चूक आहे. दोन मिनिटे ग्रीस गनला दिली तर हाउसिंग वाचते.

पुढच्या शाफ्टला ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी क्रॉस असेल तर त्याच्या मधोमध एक छोटा गोळा असतो. त्याला ग्रीस द्यायला बारीक टोकाची नळी लागते, म्हणून तो वर्षानुवर्षे कोरडा राहतो आणि हब लॉक असताना कुईकुई करतो.

स्लिप जॉइंट कधी वेगळा केलाच तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत येतील असाच बसवावा. एक दातही सरकला तर थरथर सुरू होते आणि कितीही समतोल केला तरी जात नाही. गाडी उंच केलेली असेल तर कोन मोजावेत. दोन्ही टोकांना एकेरी क्रॉस असतील तर ट्रान्सफर केसचा बाहेरचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, फरक एका अंशाच्या आसपासच राहावा. दुहेरी क्रॉस असेल तर पिनियनचे तोंड थेट ट्रान्सफर केसकडे हवे. पाट्यांचे यू-बोल्ट सैल असतील तर जोर दिल्यावर हाउसिंगच वळते, हे सगळे कोन बिघडतात आणि वर खटखटही येते. म्हणून कोन मोजण्याआधी यू-बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळलेले असावेत. इंजिन आणि पेटीचे रबरी माउंट, चेसिसला लागलेला सायलेन्सरचा पाइप, पाट्यांचे बुश हेही त्याच वेळी पाहावेत. चेसिस आवाज वाहून नेते, आणि आत बसलेल्याला तो हमखास चुकीच्या जागी ऐकू येतो.

डिफरन्शियलची भाषा वर सांगितलेल्या तीन अवस्थांतून उलगडते. फक्त ओढताना ठरावीक वेगाच्या टप्प्यात येणारा शिट्टीसारखा सूर म्हणजे क्राउन-पिनियनच्या ओढणाऱ्या बाजूची झीज किंवा चुकीची मांडणी. फक्त पाय काढल्यावर येणारा सूर उलट बाजूचा, आणि त्यात पिनियनचा नट ढिला झाला असण्याची शक्यता मोठी. तिन्ही अवस्थांत सारखीच घरघर असेल तर बेअरिंग: पिनियनचे असेल तर बारीक आणि वेगवान, क्राउनच्या बाजूचे असेल तर जाड आणि संथ. सरळ रस्त्यावर शांतता आणि वळणावर आवाज, म्हणजे स्टार गिअर किंवा त्यांचे वॉशर. लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळे घसरू न देणारे) डिफरन्शियल असेल आणि हळू वळणावर थडथड करत असेल तर आधी ऑइल बदलावे आणि त्यासाठीचे फ्रिक्शन मॉडिफायर घालावे. तेवढ्याने पुष्कळदा भागते.

पिनियनचा फ्लँज हाताने धरून पाहताना दोन गोष्टींत गल्लत होऊ देऊ नये. तो थोडा मोकळा फिरतो, कारण दातांमध्ये अंतर असतेच. क्राउनच्या दातावर डायल लावून मोजले तर ते बहुतेक हाउसिंगमध्ये ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर असावे लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. पण फ्लँज वर-खाली किंवा आत-बाहेर हलला तर तो बेअरिंगचा प्ले, आणि तो शून्यच हवा.

इथे एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. पिनियनचे ऑइल सील बदलल्यानंतर काही दिवसांत डिफरन्शियल सूर धरू लागले, अशी तक्रार वारंवार येते. त्याचे कारण सीलमध्ये नसते. कित्येक हाउसिंगमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये चेपणारी नळी असते आणि बेअरिंगचा ताण नट किती आवळला यावर ठरतो. सील बदलताना नट एअर गनने ठोकून आवळला तर नळी जास्त चेपते, बेअरिंग गरम होऊन खाल्ले जाते. कमी आवळला तर पिनियन मागे-पुढे सरकतो. नट काढण्याआधी नट, शाफ्ट आणि फ्लँजवर खूण करावी, बाहेर दिसणारे आटे मोजावेत, आणि पिनियन फिरवायला किती जोर लागतो तो छोट्या टॉर्क रेंचने मोजून ठेवावा. बसवताना खुणेपर्यंत आणून पुन्हा मोजावे. आधीच्या आकड्यापेक्षा किंचित जास्त, इतकेच. ढिला सापडलेला नट नुसता आवळून गाडी देणे म्हणजे दोष झाकणे आहे.

हाउसिंग उघडावेच लागले तर धुण्याआधी दात पाहावेत आणि रंगाचा लेप लावून ठसा घ्यावा. ओढणाऱ्या बाजूचा ठसा दाताच्या मध्यावर हवा. तो दाताच्या मुळाशी आला तर पिनियन फार आत आहे, शेंड्याला आला तर फार बाहेर. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलावेत. जुन्या झिजलेल्या जोडीची खोली बदलून सूर घालवण्याचा प्रयत्न सहसा सूर वाढवतो.

गिअरबॉक्सचे कोडे त्यामानाने लवकर सुटते. गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला असताना घरघर आणि क्लच दाबताच शांत: इनपुट शाफ्टचे किंवा काउंटर शाफ्टचे (पेटीतल्या समांतर शाफ्टचे) बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज: रिलीज बेअरिंग, आणि गिअरमध्ये टाकून पूर्ण दाबल्यावरच येत असेल तर पायलट बेअरिंगही. ज्या पेटीत चौथा गिअर थेट असतो तिथे पहिल्या तीन गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांतता असेल तर काउंटर शाफ्टचा संशय घ्यावा, कारण चौथ्यात भार त्याच्यावरून जात नाही. एकाच गिअरमध्ये असेल तर त्या गिअरच्या जोडीचा. ट्रान्सफर केस न्यूट्रलला ठेवून, ठोकळे लावून, पेटी गिअरमध्ये फिरवली की बाहेरचे शाफ्ट थांबलेले असतात. तरी आवाज आला तर तो पेटीचा किंवा ट्रान्सफर केसच्या आत शिरणाऱ्या शाफ्टचा. साखळीच्या ट्रान्सफर केसमध्ये फोर-एचला जोर देताच बंदुकीच्या बारासारखा 'फट्' आवाज आला तर साखळी लांबून दातांवरून उडी मारत आहे. तशी गाडी फोर-व्हीलमध्ये चालवू नये, साखळी केस फोडू शकते.

चाकांची बेअरिंग वळणावर बोलतात. गाडी हलकेच डावीकडे वळवली की भार उजवीकडे जातो, तेव्हा घरघर वाढली तर उजवे बेअरिंग. चाक उचलून वरून-खालून धरून हलवावे. प्ले असेल तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर हब बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट (ज्यावर पुढचे चाक वळते ते सांधे). चाक फिरवत दुसरा हात पाट्यावर किंवा स्प्रिंगवर ठेवला तर खडबड बोटांना जाणवते. वीसेक किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न वापरता थांबून, चारही हबचे तापमान पाहावे. एका बाजूचा हब दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तो उघडावा.

काही आवाज दोषाचे नसतात. पार्ट-टाइम गाडी कोरड्या डांबरावर फोर-एचमध्ये वळवली तर ती कण्हते, अडखळते, चाके घासतात. पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळे अंतर कापायचे असते आणि ट्रान्सफर केस त्यांना ते करू देत नाही. उपाय एकच, कोरड्या रस्त्यावर फोर-एच लावू नये. सरळ रस्त्यावरही असेच होत असेल तर मात्र टायरचे घेर मोजावेत: टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याइतकी ढकलावी आणि अंतर मोजावे. चारही सारखे निघाले तर पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर तपासावे. जुन्या गाडीत कधीतरी हाउसिंग बदललेले असते आणि बदलणाऱ्याने दात मोजलेले नसतात. ट्रान्सफर केस न्यूट्रलला ठेवून एक चाक उचलावे, दुसरे जमिनीवर ठेवावे, उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि शाफ्टचे फेरे मोजावेत. साध्या डिफरन्शियलमध्ये येणारा आकडा हेच गुणोत्तर. पुढचा एक्सल मोजताना हब लॉक करायला विसरू नये.

गाडी उचलून, इंजिन चालू ठेवून ऐकायचे असेल तर स्टँड चेसिसखाली लावू नयेत, हाउसिंगखाली लावावेत. चेसिसवर उचलले की एक्सल लोंबकळतो, शाफ्टचा कोन वाढतो आणि रस्त्यावर कधीच नसलेला आवाज ऐकू येतो. त्या एक्सलची दोन्ही चाके हवेत हवीत. एकच उचलले तर साध्या डिफरन्शियलमध्ये ते काट्यावर दिसणाऱ्या वेगाच्या दुप्पट फिरते, आणि लिमिटेड स्लिप किंवा लॉक असलेल्या डिफरन्शियलमध्ये जमिनीवरचे चाक गाडीला स्टँडवरून फेकून देते. स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर फक्त न फिरणाऱ्या भागाला लावावा, तोही बाजूने, गाडीखाली न शिरता.

आणि नवीन क्राउन-पिनियन बसवलेच असतील तर पहिल्या दिवशी १५-२० मिनिटे हलक्या भाराने चालवून हाउसिंग पूर्ण थंड होऊ द्यावे, हे दोन-तीनदा करावे, पहिल्या ८०० किलोमीटरपर्यंत ओझे ओढू नये, आणि त्यानंतर ऑइल बदलताना चुंबकाच्या प्लगवर काय जमले आहे ते पुन्हा पाहावे.

आपला,
जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या दुरुस्तीतला एक वाचक